तोंड उघडण्यास परवानगी

नेरूळ, नवी मुंबई
रविवार, २ जुलै १९९५

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मिरजेला सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. शाळा सुरू झाल्यापासून सकाळ कुठे जाते कळत नाही. सुधीरना न्हावा शेव्याला नेणारी कंपनीची बस पावणेसातला नाक्यावर येते आणि मला साडेआठला तुर्भ्याच्या ऑफिसात सही करावी लागते. त्या मधल्या वेळात क्षिप्राची वेणी, डबा, बूट, आणि डाव्या पायात उजवा बूट घातला म्हणून पुन्हा बूट. बाराला शाळा सुटली की मालतीबाई तिला सारसोळ्याला आपल्या घरी नेतात, संध्याकाळी मी तिथून आणते.

तुम्ही काळजी करत होता तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग रडत होता. क्षिप्रा मात्र ओठ घट्ट मिटून आत गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला अभिमानच वाटला.

मोठ्या शिशूला यंदा नवीन बाई आहेत, सोनल भोईर. बाविशीच्या असतील, नुकत्याच लागल्या आहेत. सारसोळे गावातल्याच, मालतीबाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. बोलणंही साधारण मालतीबाईंसारखंच. शाळेनं एक निरोपाची वही केली आहे. बाईंनी मुलाबद्दल काही असेल ते लिहायचं, आपण उत्तर लिहून सही करायची. इथले आईबाप सगळे नोकरीवर, शाळेत जायला सवड कुणाला आहे?

परवा वहीत पहिला निरोप आला. क्षिप्रा वर्गात काहीच बोलत नाही, घरी बोलते का, असं विचारलं होतं. सुधीर वाचून इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, बाईंना म्हणावं, एक दिवस घेऊन जा आणि गप्प करून परत द्या. मी उत्तरात लिहिलं की घरी भरपूर बोलते. पण आई, डबा रोज जसाच्या तसा परत येतोय. बाटलीतलं पाणीही तेवढंच. मला थोडं टेन्शन आलंय. तुम्ही एवढी वर्षं मुलांत काढलीत, म्हणून विचारते.

तुमच्या गुडघ्याला तेल लावता ना? श्यामसुंदर भावजींना नमस्कार. आमच्यावर माया आहेच, ती पत्रातून अधूनमधून पाठवत राहा.

तुमची,
स्मिता


मिरज
६ जुलै १९९५

चि. सौ. स्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र चार पानी होतं. कामाचं पान त्यात एकच, तेही शेवटचं. पुढच्या वेळी ते पहिलं घालावं.

एकतीस वर्षं मी शाळेत काढली. डबा न खाणारी मुलं शेकड्यांनी पाहिली. घरचे दुर्लक्ष करायला शिकले की तिसऱ्या दिवशी खातात. तू डब्यात रोज नवीन पदार्थ घालत असशील तर तो प्रकार बंद कर. पोळीभाजी द्यावी आणि संध्याकाळी डबा उघडून पाहू नये. गप्प बसण्याचं म्हणशील, तर पाच वर्षांचं मूल नव्या जागी आठ-पंधरा दिवस गप्प बसतंच. मात्र तीन आठवडे होऊनही शिक्षिकेला त्याच्याकडून एक शब्द काढून घेता येत नसेल, तर दोष कुणाचा ते उघड आहे.

दुसरं. मे महिन्यात घसा कोरडा करून मी तिच्या तोंडून 'पाणी' काढून घेतलं होतं. ते टिकलं आहे की पुन्हा 'पानी' झालं? मालतीबाई जिवाला जीव देणारी बाई आहे हे मला मान्य आहे. पण मूल ऐकेल ते उचलतं. दुपारभर तिथे 'पानी' आणि 'हाय', आणि आता शाळेतही तेच. म्हणजे माझं महिन्याभराचं काम पाण्यात गेलं. त्या पाण्यात तरी ण आहे का, ते कळव.

बाई काय लिहितात ते मला तुझ्या शब्दांत नको. वहीतलं जसंच्या तसं, चुकांसकट उतरवून पाठव. शिक्षकाचं शुद्धलेखन पाहिलं की मला त्याचा वर्ग दिसतो.

गुडघा आहे तिथेच आहे. सुधीरला सांग, चहा सांडला तर त्यानंच पुसावा.

कळावे. लोभ आहे, तो दर वेळी लिहून दाखवत नाही.

आई


नेरूळ
रविवार, १६ जुलै १९९५

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कामाचं आधी. वहीतलं जसंच्या तसं उतरवते आहे:

"३ जुलै. शिप्रा आज पण बोलली नाही. डबा खाल्ला नाही."

"५ जुलै. शिप्राने डबा खाल्ला नाही. पानी पण प्यायली नाही. मी जवळ बसले होते. तिला कुणी काही बोलले आहे का? कृपया भेटायला यावे."

"१० जुलै. खडू दिला की चित्र छान काढते. तोंड उघडत नाही."

"१३ जुलै. तोंड उघडत नाही."

पाच तारखेच्या निरोपात 'पानी' लिहिलेलं पाहिलं आणि सुधीरनी खिशातलं लाल पेन काढून त्यावर ण केला. शिवाय क्षिप्रातला क्षसुद्धा. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, आईनं पाहिलं असतं तर आणखी दोन चुका काढल्या असत्या. तेव्हापासून बाईंचे निरोप असे आखूड झालेत. भेटायला बोलावलं होतं, पण आम्हा दोघांनाही त्या आठवड्यात रजा मिळाली नाही. वहीत तसं लिहायचं राहूनच गेलं.

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी क्षिप्राला लघवीला जळजळ होऊन ताप आला. डॉक्टर म्हणाले, मूल पाणी पीत नाही, दुसरं काही नाही. कान, जीभ, घसा सगळं तपासलं, उत्तम आहे. आता ताप नाही. पण शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाईंची चिठ्ठी आली. वर्गात चाळीस मुलं आहेत, बाहेर आणखी वीस नावं थांबली आहेत. क्षिप्रा गणपतीच्या सुट्टीपर्यंत बोलायला आणि खायला लागली नाही, तर तिला यंदा घरी ठेवावं, पुढच्या जूनला पुन्हा विचार करू. आई, त्यांचंही अगदी चूक म्हणता येत नाही. मूल शाळेत आजारी पडलं तर जबाबदारी त्यांच्यावर. पण एकदा नाव कमी झालं की पुढच्या वर्षी कोण घेणार? आणि तिला घरी ठेवून मी नोकरी कशी करू?

गंमत अशी की मालतीबाईंकडे आणायला गेले तर गल्लीच्या टोकापासून तिचा आवाज येतो. कोंबड्यांना रागावत असते. घरी बाहुल्यांची शाळा भरवते. सगळ्या बाहुल्या रांगेत, आणि प्रत्येकीच्या तोंडाला रुमाल बांधलेला. सुधीरना वाटतं, दवाखाना खेळते आहे.

'पाणी' कधी नीट म्हणते, कधी नाही. मी टोकलं की एकदम गप्प होते आणि खिडकीबाहेर बघत बसते.

काय करावं ते कळवा. तुमच्या पत्राकडे डोळे लावून आहे.

तुमची,
स्मिता


मिरज
२० जुलै १९९५

चि. सौ. स्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. ताप उतरला हे वाचून पुढचं वाचलं.

वर्गात जे मूल पाणी पीत नाही त्याला पाणी पाजणं हे शिक्षिकेचं काम आहे. 'कुणी काही बोलले आहे का' म्हणून घरच्यांवर ढकलणं हे काम नव्हे. वर्ग हातात नसला की शिक्षक घराकडे बोट दाखवतात, हे मी आमच्या शिक्षकखोलीत पुष्कळ पाहिलं आहे. लाल शाई वापरली हे सुधीरनं बरं केलं. उलट निरोप आखूड झाले, यावरूनच त्या बाईंची तयारी कळते. चूक दाखवली की माणसानं सुधारावं. गप्प बसू नये.

आता गप्प बसायची वेळ तुमचीही नाही. मुलीचं वर्ष जातं आहे. खाली मसुदा देते. सुधीरनं चांगल्या अक्षरात उतरवून काढावा आणि मुख्याध्यापिकांच्या हातात द्यावा. भोईर बाईंच्या हाती नको.

"आमची कन्या क्षिप्रा ही घरी उत्तम बोलते व जेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दोष मुलीत नसून वर्ग सांभाळण्याच्या पद्धतीत आहे. वर्गशिक्षिकेस साधे शुद्ध मराठी लिहिता येत नाही, हे निरोपाच्या वहीवरून दिसून येईल. ज्यांना 'पाणी' लिहिता येत नाही, त्या मुलीला पाणी पाजणार कशा? तरी मुलीचे नाव कमी न करता अनुभवी शिक्षिकेची योजना व्हावी."

एवढंच. याहून एक शब्द जास्त नको. सुधीरला विशेषणं घालायची खोड आहे, तिकडे लक्ष ठेव.

बाहुल्यांच्या तोंडाचे रुमाल सोडायला सांग. धुतलेले रुमाल त्यासाठी नसतात.

कळावे. उत्तर लगेच यावं.

आई


नेरूळ
रविवार, ६ ऑगस्ट १९९५

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा मसुदा सुधीरनी सुरेख अक्षरात लिहून काढला. शुक्रवारी मी तो पर्समध्ये घालून शाळेत नेला, आणि दिला नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

अर्धा दिवस रजा काढून शाळा सुटायच्या वेळी गेले. मुख्याध्यापिकाबाई बाहेर गेल्या होत्या. भोईर बाई वर्गात एकट्या होत्या. मी ठरवून गेले होते की बसायचं नाही, उभ्यानंच बोलायचं. त्यांनी खुर्ची दिली ती मुलांची, गुडघ्याएवढी. तसल्या खुर्चीवर बसून माणसाला रागावता येत नाही, आई.

बाई म्हणाल्या, महिनाभर त्या मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा घेऊन क्षिप्राशेजारी बसतायत. मग एका शनिवारी त्या मालतीबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत क्षिप्रा कोंबड्यांशी अखंड बोलत होती. बाई दिसल्या मात्र, तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. घाबरली असती तर पळाली असती, असं बाई म्हणाल्या. पळाली नाही. नियम पाळावा तशी तोंड दाबून उभी राहिली. हे आजारपण नाही, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं. मग वहीत का नाही लिहिलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, लिहायला घेतलं, पण वाक्य मोठं झालं, आणि मोठ्या वाक्यात लाल खुणा जास्त येतात. मला मान वर करवेना.

आता पुढचं कसं लिहावं कळत नाही, म्हणून त्यांनी सांगितलं तसंच लिहिते. गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांनी रोजच्यासारखी बाटली पुढे केली आणि थोडं तरी पानी पी गो म्हणून विनवलं. क्षिप्रानं आधी दाराकडे पाहिलं. मग बाईंचा पदर ओढून त्यांना खाली वाकवलं आणि कानाला तोंड लावून म्हणाली:

"बाई, तुम्ही पण पानी म्हणता. मग तुम्ही पण शाळेत तोंड उघडू नका. आजी रागावेल."

शाळेत ती पहिल्यांदा बोलली, ती हे.

मला सांगताना बाई हसत होत्या. मग उठून फळा पुसायला लागल्या. फळा कोराच होता. पाठ माझ्याकडे ठेवूनच त्यांनी सांगितलं की त्या स्वतः अध्यापिका विद्यालयात पहिलं वर्षभर शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या आणि दुसरा विषय काढला.

घरी आल्यावर मी क्षिप्राला जवळ घेऊन विचारलं. आम्हाला माहीतच असल्यासारखं तिनं सरळ सांगितलं. पाणी नीट म्हणता येत नसेल तर शाळेत तोंड उघडायचं नाही, असं आजीनं जाताना सांगितलं. घरी चालतं, मालतीबाईंकडे चालतं, शाळेत नाही. आणि 'पाणी' कधी येतं, कधी निसटतं, म्हणून ती उघडतच नाही. तोंड उघडायचं नाही म्हणजे बोलायचं नाही, खायचं नाही आणि प्यायचंही नाही.

मी म्हटलं, आता मी सांगते ना, उघड. सुधीरनीही सांगितलं. ती मान हलवते. म्हणते, आजीनं सांगितलंय तर आजीनंच सांगायला पाहिजे. काल एस.टी.डी. बूथवरून तुमच्या शेजारी फोन लावला, पण तुम्ही देवळात गेला होता. आणि लागला असता तरी काय, फोन कानाला लावला की ती नुसती मुंडी हलवते, ती तुम्हाला मिरजेत कशी दिसणार?

बाईंचं म्हणणं, आजींनी पत्र लिहावं आणि ते शाळेतच वाचलं जावं. हुकूम शाळेचा होता, तर तो शाळेतच सुटावा.

आई, तुमच्यावर ठपका ठेवायला हे लिहीत नाही. लाल पेन आमच्याच घरातलं, आणि भेटायला बोलावलं तेव्हा गेलो नाही तेही आम्हीच. पण सुट्टीला तीनच आठवडे उरलेत. रागावलात तरी पत्र पाठवा.

तुमची,
स्मिता


मिरज
१० ऑगस्ट १९९५

चि. सौ. स्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हो, मी म्हणाले.

आठ जूनची दुपार. रिक्षा खाली उभी होती, सुधीर बॅग घेऊन पुढे गेला होता. क्षिप्रा दोन्ही हातांत फुलपात्र धरून स्वयंपाकघरातून आली. निम्मं वाटेत सांडलं होतं. म्हणाली, आजी, पानी पिऊन जा. महिनाभर शिकवलं त्याचं शेवटी हे, असं माझ्या मनात आलं. पाणी मी प्यायले. फुलपात्र परत देताना तिला ते वाक्य सांगितलं. रिक्षात बसेपर्यंत मी ते विसरले होते. तिनं दोन महिने पाळलं. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात इतकं काटेकोर कुणी काही पाळलं नाही.

जिनं मला पाणी दिलं तिला मी तहानलेली ठेवली. याला दुसरे शब्द मी शोधले, सापडले नाहीत.

तुझ्या जुलैतल्या पत्रात बाईंचं 'तोंड उघडत नाही' हे वाक्य दोनदा होतं. मी त्याचं शुद्धलेखन तपासलं. बरोबर होतं, म्हणून पुढे गेले. वाक्य वाचलंच नाही. 'तिला कुणी काही बोलले आहे का' हा सरळ प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मिरजेत बसलं होतं. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं इन्स्पेक्टर लिहून जात. शेवटच्या बाकावर कोण आणि का गप्प होतं, हे मी कधी विचारलं नाही. कालपासून काही चेहरे आठवतायत, नावं आठवत नाहीत.

मसुदा परत पाठव. फाडू नकोस. त्यातलं पाणी पाजण्याचं वाक्य माझं आहे, ते मला टेबलाच्या काचेखाली हवं.

सोबत दोन पत्रं आहेत. एक भोईर बाईंना, ते तू वाचू नकोस. दुसरं क्षिप्राला, ते बाई वाचतील. सुधीरचं लाल पेन काढून घे.

तू मसुदा दिला नाहीस हे योग्य केलंस. हे मी सहसा लिहीत नाही, म्हणून जपून ठेव.

आई


मिरज
१० ऑगस्ट १९९५

कु. सोनल भोईर यांस,
स. न. वि. वि.

मी क्षिप्राची आजी. निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या नातीला शाळेत तोंड उघडू नकोस असं मी सांगितलं होतं आणि दोष तुम्हाला दिला. तुमच्याविरुद्ध तक्रारीचा मसुदाही मीच लिहिला होता. तो शाळेत पोचला नाही, याचं श्रेय माझ्या सुनेला. तुम्हाला हे कळलं नसतं, पण माफी मागायची तर कशाची ते माहीत असावं. मी तुमची माफी मागते.

तुम्ही मुलीच्या दारापर्यंत गेलात. मी एकतीस वर्षांत एकाही मुलाच्या दारापर्यंत गेले नाही. आईबापांना वहीत लाल शेरा लिहून बोलावणं धाडत असे.

सोबतचं पत्र मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. वर्गात वाचावं, ही विनंती.

एक सांगायचं राहवत नाही. बोलताना तुम्ही हवं तसं बोला. वहीत मात्र 'पाणी' लिहा, वही मुलांच्या हाती पडते.

आपली,
भागीरथी वाळिंबे


मिरज
१० ऑगस्ट १९९५

चि. क्षिप्रास,
आजीचे खूप आशीर्वाद.

आजीनं तुला सांगितलं होतं, शाळेत तोंड उघडू नकोस. ते आजीचं चुकलं. तू चुकली नाहीस.

आता शाळेत तोंड उघडायचं. बोलायचं. गाणी म्हणायची. डबा खायचा. पाणी प्यायचं. पाणी म्हण, नाहीतर पानी म्हण. तहान दोन्हींनी भागते.

बाहुल्यांचे रुमाल पण सोड.

खाली आजीची सही आहे. तू ती ओळखतेस.

भागीरथी वाळिंबे


सारसोळे, नेरूळ
१८ ऑगस्ट १९९५

ती. स्व. आजींना,
साष्टांग नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रे मिळाली. इतक्या मोठ्या शिक्षिकेने मला असे लिहावे याची सवय नाही, म्हणून काय उत्तर द्यावे ते सुचत नव्हते. हे पत्र मी तीनदा लिहिले आहे. ण सगळे तपासले आहेत.

बुधवारी मधल्या सुट्टीच्या आधी मी तुमचे पत्र वर्गात वाचले. क्षिप्रा जागेवरून उठून आली आणि तिने सहीवर बोट फिरवून बघितले. परत वाचा अशी खूण केली. मी परत वाचले. मग तिने डबा उघडला. पोळीभाजी सगळी संपवली, आणि बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. बाकीची मुले खायचे सोडून तिच्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी हजेरीला नाव घेतले तर इतक्या मोठ्याने हजर म्हणाली की मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या खोलीतून बघायला आल्या. तिचे नाव कमी होणार नाही, हे त्यांनी माझ्यासमोर रजिस्टरात लिहिले.

पण एक अडचण राहिली आहे. क्षिप्राने मला विचारले की आजीच्या पत्रात बाईंचे लिहिले आहे का. मी म्हटले, नाही. तेव्हापासून ती स्वतः बोलते, पण मी शिकवायला लागले की दाराकडे बघते, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. काल मी गोष्ट सांगताना 'पानी' म्हटले तर तिने पुढे होऊन दार लोटून घेतले.

तरी माझ्यासाठी एक ओळ पाठवावी. मला नको आहे, तिला हवी आहे. आणि खरे सांगायचे तर मलाही चालेल.

मालतीमावशी तुम्हाला नमस्कार सांगतात. माझ्याकडे लेकीसारखे लक्ष असू द्या.

तुमची,
सोनल


(पोस्टकार्ड)

मिरज
२२ ऑगस्ट १९९५

चि. क्षिप्रास,
आजीचे खूप आशीर्वाद.

बाईंचं विचारलंस हे फार चांगलं केलंस. आजी लिहायला विसरली होती.

तुझ्या बाईंनी शाळेत तोंड उघडायचं, आणि त्या बोलतात तसंच बोलायचं. त्यांना आजीची परवानगी लागत नाही. पण तुला लागते, म्हणून लिहिते: परवानगी आहे. दार लोटायचं नाही. वर्गात वारा येऊ दे.

सोमवारी, २८ तारखेला, त्या दारातून मीच येणार आहे. एस.टी.तून उतरले की घरी न जाता आधी शाळेत येईन. तेव्हा मला तहान लागलेली असेल. फुलपात्र तू आण, सांडलं तरी चालेल. काय म्हणून द्यायचं ते तू ठरव.

मी पिण्यापुरतं तोंड उघडीन. एरवी मिटून ठेवीन.

तुझी,
आजी